मलकापूरच्या पिसवा

सुकुमारच्या घरात त्या साली पिसवा किती झाल्या होत्या ते खरं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा फेकतोय. म्हणून थोडं कमी करून सांगतो. सोप्यात अंथरलेलं घोंगडं सकाळी उंबऱ्याशी सापडायचं. कुणी ओढलेलं नसायचं. पिसवांनीच खालून खांदा देऊन ते तिथवर आणलेलं असायचं. गावातली शहाणी माणसं म्हणायची, वाऱ्यानं सरकलं असेल. घोंगडं वाऱ्यानं सरकतं म्हणणारे ते, आणि फेकणारा मी.

दूध न्यायला येणारा गडी रस्त्यावरूनच हाक मारायचा. कोंबड्या त्या अंगणातून जाताना एकेक पाय उचलून, झटकून, मगच पुढं टाकायच्या.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध सुकुमार बसलेला असायचा. धोतर गुडघ्यापर्यंत वर, गोऱ्या पोटऱ्या, आणि त्यावर पिसवा अशा, की जोंधळ्याच्या भाकरीवर थापलेले काळे तीळ. हात मांडीवर. खाजवणं नाही, झटकणं नाही. मी एकदा कट्ट्यावरून विचारलं, चावत न्हाईत व्हय रं तुला? त्यानं पायाकडं बघितलं. शेजाऱ्याच्या म्हशीकडं बघावं तसं.

"चावत असतील, आबा," तो म्हणाला.

मी मूळचा कोरेगावचा. पलटणीतून पेन्शनीत आलो आणि बायकोच्या, मनुबाईच्या माहेरी आष्ट्याला येऊन राहिलो, कारण तिच्या वाटणीला ऊस होता आणि माझ्या वाटणीला भाऊबंद. सुकुमारचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. जैन माणूस. मुंगी दिसली तर पाऊल अर्ध्यात थांबवणारा. ऊस, दोन म्हशी, बायको चंदनबाला, मुलगी गुणमाला आणि चंदनबालाची कुत्री चिमी, एवढा त्याचा संसार.

श्रावणात चंदनबालाला कावीळ झाली आणि मिरजेच्या दवाखान्यातच ती गेली. तिला आणली, पोचवली, आणि दुसऱ्या दिवशी सुकुमार वेळेवर धार काढायला बसला. दूध नेहमीएवढंच निघालं. तो रडला असता तर बायकांना समजूत घालता आली असती. तो रडला नाही, म्हणून बायका बसून बसून उठून गेल्या. तो आल्यागेल्याला चहा विचारायचा, सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात जायचा, उसाला पाणी द्यायचा, दिवस मावळायच्या आत जेवायचा. काय जेवलास म्हणून विचारलं तर आठवून बघायचा आणि म्हणायचा, जेवलो.

गुणमालाला तिची मावशी सुलाबाई कऱ्हाडजवळ मलकापूरला घेऊन गेली होती. घरात उरले सुकुमार आणि चिमी. चंदनबालाच्या अंथरुणाची जागा सोप्याच्या कोपऱ्यात होती. चिमी त्या जागेवर जाऊन पडली ती उठेचना. भाकरी तिथंच खायची. तिला तिथून हाकलायचं कुणाच्या मनात आलं नाही, झाडायचं आलं नाही, ते घोंगडं उन्हात टाकायचं आलं नाही. पिसवांना आणखी काय पाहिजे?

दिवाळीला सुलाबाई गुणमालाला घेऊन आली, कायमची सोडायला म्हणून. मलकापूरला तिच्या मालकाचं भुसार दुकान, मागं मोठं परडं, विहीर, गोठा. सगळं होतं, पोर नव्हतं. तरी ती बहिणीची पोर परत द्यायला आली होती, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. गुणमाला सहा-सात वर्षांची. आली ती थेट चिमीच्या गळ्यात पडली. चुलीवर चहाला उकळी फुटेपर्यंत तिच्या पायांवर लाल गांधी उठल्या. पोर रडायला लागली. सुकुमार कपबशी हातात घेऊन तिच्या पायांकडं बघत उभा राहिला, आणि चहा गार होतोय म्हणाला.

सुलाबाईनं पोरीला उचलून अंगणात नेलं. तिथून ती बोलली ते मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"सुकुमार, ज्या घरात पिसू हाय त्या घरात माझ्या बहिणीची पोर ऱ्हाणार न्हाई. एक जरी असली तरी न्हाई. शिमग्यापत्तर घर मोकळं कर, पोर तुझी. न्हाईतर तिचं नाव मलकापूरच्या शाळेत घालते. मग ती तिकडचीच."

तो म्हणाला, व्हय अक्का.

दुपारच्या एसटीनं त्या दोघी गेल्या. गाडी गेली, त्या जागी दुसरी गाडी येऊन लागली, तीही गेली, आणि सुकुमार स्टँडवर तसाच उभा होता. मी जाऊन त्याला आणला. वाटेत तो एवढंच म्हणाला, की घर मोकळं केलं पाहिजे. उसाला पाणी पाजलं पाहिजे म्हणावं तशा आवाजात. पण कामाला लागला. मन नव्हतं, हात होते.

मी म्हटलं हे तर सोपं आहे. हिवतापाचे फवारणीवाले त्याच आठवड्यात गावात आले होते, पाठीवर पंप, डीडीटीचा वास आणि गेरूचा डबा. एकदा आत फवारलं की काम झालं. ते दारात आले तर सुकुमार हात जोडून उंबऱ्यात उभा. म्हणाला, आत जीव हायत. ते म्हणाले, मग त्यांना बाहेर बोलवा. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, भिंतीवर गेरूनं काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले.

मी त्याला म्हटलं, गड्या, औषध नको तर नको, उकळतं पाणी तरी ओत. त्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी त्याला म्हैस कापायला सांगितलं असावं. मारायचं काही नाही. जायला पाहिजेत, पण जिवंत.

मग मनुबाईनं पदर खोचला. निर्गुडीचा आणि कडुनिंबाचा पाला आणला, शेणीवर टाकला आणि सुकुमारच्या घरात धूर कोंडला. धूर असा, की आतल्या म्हशी शिंकत बाहेर आल्या. पिसवा गेल्या. अगदी सगळ्या गेल्या. मधल्या भिंतीवरून आमच्याकडं आल्या. मी बघितल्यात, रांगेनं येत होत्या, लेकरं काखेत घेऊन. मनुबाई पोटऱ्या खाजवत मला म्हणाली, "आवं, शेजाऱ्याचं घर रिकामं करताय का आपलं भरताय?" मग तिनं आमच्या घरात धूर केला. पिसवा आल्या वाटेनं परत गेल्या. पुन्हा त्याच्याकडं धूर, पुन्हा आमच्याकडं. असं करता करता थंडी पडली. शेवटी भिंतीवर त्यांच्या जाण्यायेण्यानं पायवाट पडली. नंतर आम्ही चुना लावला तरी ती ओळखू येते.

थोडा फरक पडला तो मनुबाईच्या हाताला. तिनं सुकुमारला रोज कोपरे झाडायला लावलं, जमिनीच्या भेगा शेणामातीनं बुजवून सारवायला लावलं, अंथरुणं पत्र्यावर उन्हात टाकून खाली कडुनिंबाचा पाला पसरायला लावला. ती सांगेल ते तो करायचा. चंदनबालाच्या कोपऱ्यापाशी आला की केरसुणी थांबायची. मग मनुबाई तेवढा कोपरा स्वतः झाडायची, आणि चिमीला सांगायची, ऊठ गं बाई. चिमी बाजूला होऊन पुन्हा तिथंच.

पौष संपता संपता आटपाडीकडचा सिद्धू धनगर आला. दर साली तो मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरायचा. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांनी रान ताकदीला यायचं, आणि त्याबद्दल त्याला जोंधळा द्यायचा, अशी रीत. त्याचा कळप बघितला आणि माझ्या डोक्यात आलं, की पिसवेला लोकरीसारखं घर कुठलं? मी सिद्धूला म्हटलं, ह्या खेपेला मेंढरं रानात नको, घरात बसव.

सिद्धूनं घोंगडं झटकलं आणि विचार केला. रानात बसवली तर शेतकरी मला देतो. घरात बसवली तर कोण कुणाला देणार? मी म्हटलं, लेंड्या घरात पडतील, त्याही तुलाच. तो म्हणाला, लेंड्या माझ्याच हायत की आबा. शेवटी जोंधळा रानातल्या रीतीनंच ठरला. सुकुमार शेजारीच उभा होता. त्यानं एकच विचारलं, पिसवा उपाशी मरणार न्हाईत न्हवं?

सिद्धू म्हणाला, "माझ्या मेंढरात गेलेल्याला पुन्हा घर आठवत न्हाई."

भर दुपारी आख्खा कळप घरात घातला. सोप्यात मेंढरं, माजघरात मेंढरं, चुलीपाशी एक बोकड धूर नसताना डोळे चोळत उभा. दारं लावून घेतली. मग आतून आवाज यायला लागला, तापलेल्या वाळूत फुटाणे तडतडावेत तसा. पिसवा उड्या घेत होत्या. मी खिडकीच्या गजातून बघितलं, लोकर जागच्या जागी हलत होती. दारं उघडली तेव्हा मेंढरं बाहेर आली ती आत गेल्यापेक्षा बोटभर जाड दिसत होती. सिद्धूनंही ते मान्य केलं.

एक म्हातारी मेंढी मात्र आली नाही. ती चंदनबालाच्या जागेवर, चिमीला टेकून बसली होती. सिद्धूनं काठी पुढं केली आणि सुकुमारकडं बघून मागं घेतली. सुकुमार दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. उठव म्हणाला नाही, बसू दे म्हणाला नाही. कळप बाहेर ओरडत होता. आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. बऱ्याच वेळानं ती आपली आपण उठली आणि आमच्या मधून बाहेर गेली. सुकुमारनं केरसुणी घेतली आणि लेंड्या भरायला लागला. त्या दिवशी तो कोपराही त्यानंच झाडला.

घर मोकळं झालं. उरल्या त्या चिमीच्या अंगावर. तिला रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं मी सुचवलं, पण पाण्यात पिसवा बुडतात. मग सुकुमारनं फळीवरून चंदनबालाची लाकडी फणी काढली. रोज जेवण झालं की चिमीला मांडीवर घेऊन बसायचा आणि फणी फिरवायचा. सापडेल ती पिसू कळशीत. कळशीच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं बांधलेलं. चिमी डोळे मिटून पडायची. तिला वाटत असेल, कोण विंचरतंय.

आता कळशीतल्या पिसवांच्या पोटाचं काय? हे मी विचारलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं. त्यानं फडकं थोडं सैल केलं, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत कळशीत घातला. थोडा वेळ ठेवला. बाहेर काढला तेव्हा मनगटापासून वर नुसते लाल ठिपके. फडकं बांधलं, बाही खाली केली. हे तो रोज करत होता. जनावराला वैरण टाकावी तसं.

मी म्हटलं, आता बास कर रं. ओढ्याला जाऊन कळशी पालथी कर, मोकळा हो.

त्यानं नको म्हणून मान हलवली. त्याचं म्हणणं जैनांच्या रीतीला धरून होतं, आणि ती रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ही माणसं पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. गाळताना फडक्यात जे बारीक जीव राहतात त्याला जिवाणी म्हणतात. ती कुठंही टाकायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती हळू परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत सोडली तर ते जीव जगत नाहीत, आणि पाप गाळणाऱ्याला.

"चिमी मलकापूरची," सुकुमार म्हणाला. "अक्काच्या गोठ्यातली."

ते खरंच होतं. चिमी वीतभर असताना चंदनबालानंच तिला मलकापूरहून पिशवीत घालून, वर लुगड्याची घडी ठेवून, कंडक्टरला चुकवून एसटीनं आणली होती. पिसवा कुत्रीबरोबर आल्या, म्हणजे पिसवा सुलाबाईच्या विहिरीच्या, असा त्याचा हिशोब. मी हसलो. तो हसला नाही. त्यात दुसरं काही नव्हतं हो, मी शपथेवर सांगतो. त्याच्या डोक्यात डाव शिजण्याएवढी उष्णताच शिल्लक नव्हती. जी काही होती ती माझ्या डोक्यात, आणि तीही इस्लामपूर सोडल्यावर आली.

शिमग्याच्या आधी आम्ही निघालो. कऱ्हाडच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, कळशीत काय? सुकुमार म्हणाला, पिसवा. खोटं बोलणं त्याच्यात नाही. सगळी गाडी हसली आणि कंडक्टर पुढं गेला. शेजारच्या बाईला मी हळूच सांगितलं, तूप आहे. ती भाव विचारायला लागली. खऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मी उगाच म्हणत नाही.

मलकापुरात पोचलो तर सुलाबाई परड्यात पाणी गाळत होती. गुणमाला विहिरीपाशी उकिडवी बसून जिवाणीची कळशी दोरीनं खाली सोडत होती. जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश. आम्हाला बघून तिनं दोरी सोडली नाही. ते काम पुरं केलं, मग उभी राहिली. धावत आली नाही. सुकुमारनंही हाक मारली नाही. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, ओळखीची माणसं बाजारात लांबून बघतात तसे.

सुलाबाईनं विचारलं, घर मोकळं झालं? तो म्हणाला, झालं. आणि ह्यात काय?

"तुमचं हाय अक्का. चिमीबरोबर आल्तं."

एवढं बोलून तो गोठ्यात गेला, चिमीची म्हातारी आई पडली होती तिथं कळशी आडवी केली आणि फडकं सोडलं. हळू, धक्का न लावता. गुणमालानं आत्ता विहिरीत सोडलं होतं तसंच.

पिसवा बाहेर आल्या. आपलं गाव ओळखलं असावं त्यांनी. काही म्हातारीच्या अंगावर गेल्या, काही गवतात, आणि उरलेल्या घराच्या दिशेनं निघाल्या त्या मागं न बघता. मलकापूरच्या त्या गल्लीत पुढं आठवडाभर कुणी एका पायावर धड उभं राहिलं नाही म्हणतात. मी आठवडाभर तिथं नव्हतो, म्हणून एवढंच सांगतो.

सुलाबाईचा चेहरा लाल झाला. काय बोलणार? लहानपणी चंदनबालानं एकदा जिवाणी दुसऱ्याच्या आडात ओतली होती, तेव्हा थोबाडीत मारणारी हीच थोरली बहीण. चंदनबालाच हसत हसत ते आम्हाला सांगायची. ज्याचं त्याला परत, हा तिचाच धडा तिच्या दारात आला होता. तिनं एक पाय दुसऱ्या पायावर घासला. मग तो पाय ह्या पायावर.

मी खांबाला टेकून उभा होतो. म्हटलं, "सुलाबाई, ज्या घरात पिसू हाय त्या घरात तुमच्या बहिणीची पोर..."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं की हे माझं काम, सुकुमारचं नव्हे. सुकुमार तर अजून गोठ्यात वाकून कळशीत बघत होता, एखादी आत राहिली नाही ना म्हणून. त्याची बाही वर गेली होती. सुलाबाईची नजर त्या हातावर गेली, आणि तिथंच राहिली.

ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली. गुणमालाला समोर बसवून तिची वेणी सोडली, पुन्हा घातली, घट्ट. आत जाऊन तिचे झगे पिशवीत भरले. वर एक लुगडं घडी करून ठेवलं. चंदनबालाचं असावं. दारात फक्त म्हणाली, सुट्टीत धाडशील न्हवं? तो म्हणाला, व्हय अक्का. दिवाळीत म्हणाला होता तसंच.

परतीच्या गाडीत गुणमाला खिडकीपाशी, मधे सुकुमार, मांडीवर रिकामी कळशी, ह्या बाजूला मी. कासेगाव गेलं. बाहेर तुटलेल्या उसाची रानं मागं जात होती.

पेठनाक्याच्या जरा अलीकडं सुकुमारचा हात मांडीवरून हलला. खाली गेला. पोटरीपाशी थांबला. मग त्यानं खाजवलं. मी बघत होतो. एकदा, दोनदा, मग थांबेचना. नखांचे पांढरे ओरखडे उठले, त्यावर लाल रेघा आल्या.

"आबा," तो म्हणाला. "चावलं."

गुणमालानं वाकून बघितलं. लय खाजतंय? तिनं विचारलं. तो म्हणाला, लय. आणि खाजवतच राहिला. ते खाजवणं त्या एका चाव्याचं नव्हतं, श्रावणापासूनचं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पिसवेच्या चाव्यानं डोळ्याला पाणी येतं का, मला माहीत नाही. मी पुढच्या बाकावरच्या माणसाचं मुंडासं बघत बसलो.

पोरीनं त्याचा हात धरला आणि बाजूला केला. धोतराच्या काठाशी बोट नेलं, चिमटीत अलगद काहीतरी पकडलं, कळशीत टाकलं. फडकं हाताशी होतंच. तिनं ते कळशीच्या तोंडावर बसवलं आणि मावशीनं शिकवल्यासारखी गाठ मारली.

"ही कुठली?" तिनं विचारलं.

"मलकापूरची," सुकुमार म्हणाला. नाक पुसलं.

"मग सुट्टीत नेऊन सोडू," ती म्हणाली, आणि कळशी आपल्या मांडीवर घेतली.